कमलबाईवाली गोळी

“माझी आई काय उंदीर आहे का?”

गोकुळ ओपीडीच्या दारात उभा राहून मला विचारत होता, आणि बाकावरचे सगळे पेशंट माझ्याकडे बघत होते. त्याच्या आईचे, कमलबाईंचे, दोन्ही गुडघे झिजायला लागले होते. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, त्यांना तपासून ट्रायलची माहिती घ्यायला माझ्याकडे पाठवलं होतं. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मी सुरतेतल्या एका खाजगी हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. नवीन औषध बाजारात येण्याआधी ते माणसांवर पडताळून बघावं लागतं, त्याला ट्रायल म्हणतात. पेशंटला सगळं समजावायचं, तो तयार असेल तर त्याच्या तपासण्या बघायच्या, काही त्रास झाला तर लगेच सरांना सांगायचं, हे माझं काम. ही ट्रायल गुडघेदुखीच्या नव्या गोळीची होती. आणि आमच्याकडे एकही पेशंट तयार झाला नव्हता.

कोणी म्हणे, घरी विचारून सांगतो. तो पुन्हा फिरकत नसे. कोणी म्हणे, आमच्यावर कसले प्रयोग करता? कंपनीचा मॉनिटर, म्हणजे काम नीट चाललंय का बघणारा माणूस, अहमदाबादहून फोन करायचा. “मॅडम, अजून झिरो? असंच राहिलं तर साइट बंद करावी लागेल.” साइट म्हणजे आम्ही.

मी गोकुळला म्हटलं, “भाऊ, बसा. ऐकून घ्या. मग नाही म्हणा.”

तो बसला नाही. कमलबाई मात्र खुर्ची ओढून बसल्या. सुरतेच्याच उधना भागातल्या. नवऱ्याबरोबर धुळ्याकडून इथे आल्या त्याला कितीतरी वर्षं झाली. घरी साड्यांचं धागा कटिंग, म्हणजे सुटे धागे कापून देणं, हे करतात. दिवसभर जमिनीवर मांडी घालून काम, गुडघे कुरकुरणारच. मी पण खानदेशचीच, त्यामुळे मराठीतून सुरू केलेलं बोलणं अहिराणीवर कधी गेलं कळलं नाही.

मी सांगितलं, अर्ध्या लोकांना नवी गोळी मिळेल. अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी साधी गोळी मिळेल, तिच्यात औषध नसतं. तिला प्लासिबो म्हणतात. कोणाला कुठली मिळाली ते पेशंटला कळत नाही, मला नाही, सरांनाही नाही. व्यायाम मात्र सगळ्यांना शिकवणार. फार दुखलं तर नेहमीची दुखण्याची गोळी घ्यायला परवानगी.

“तुला पण माहीत नाही?” कमलबाईंनी डोळे बारीक केले.

“नाही.”

“आणि मधेच सोडलं तर सर रागावतील?”

“नाही. तुमचा नेहमीचा उपचार चालूच राहील. गोळीने काही त्रास झाला, तर त्याचाही उपचार कंपनीच्या खर्चाने.”

गोकुळ म्हणाला, “आई, ऊठ. चल घरी.”

कमलबाई त्याच्याकडे वळल्या. “गुडघा मना शे का तुना?”

गुडघा माझा की तुझा, हे ऐकून बाकावरचे पेशंट हसले. गोकुळही शेवटी बसला.

संमती देताना आम्ही व्हिडिओ करतो. पेशंटला खरंच समजलंय, कोणी जबरदस्ती केलेली नाही, याचा तो पुरावा असतो. कॅमेरा बघितल्यावर कमलबाईंनी पदर सारखा केला, नथ नाही म्हणून हळहळल्या, आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं इतक्या मोठ्याने दिली की बाहेर ऐकू गेली.

आमचा पहिला पेशंट. मी त्या दिवशी स्टाफला सुरतेचा खास नाश्ता, लोचो, खाऊ घातला.

पुढे त्या न चुकता येत राहिल्या. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम त्या घरी साड्यांच्या गठ्ठ्याला पाठ टेकवून करायच्या. मी मधेमधे फोन करून विचारायची. “पाय काय म्हणतात?” “पाय म्हनतस, जेवन दे,” असं काहीतरी उत्तर यायचं.

मग श्रावण आला आणि कानबाई बसली. आमच्या खानदेशी लोकांचा हा मोठा सण. रविवारी देवीची स्थापना, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. कमलबाईंनी आग्रहाने बोलावलं म्हणून मी त्यांच्या गल्लीत गेले. ढोल वाजत होता, गुलाल उडत होता. आणि मधोमध कमलबाई शेजारणीचे हात धरून फुगडी घालत होत्या. गरागरा. गोकुळ “आई, हळू, आई, हळू” करत त्यांच्याभोवती फिरत होता. मला बघून त्या ओरडल्या, “ये वं!” मीही पर्स गोकुळकडे दिली आणि फुगडी घातली. दम मलाच लागला.

मंगळवारी मी ओपीडीत पोचले तर व्हरांड्यात बायकाच बायका. सगळ्या त्याच गल्लीतल्या.

“कमलबाईवाली गोळी द्या.”

सर बाहेर आले आणि त्यांचा चेहरा दिवाळीसारखा झाला. “मॉनिटरला फोन कर! आजच सगळ्यांचं स्क्रीनिंग सुरू!”

मी त्यांना बाजूला घेतलं. “सर, मी यांना आज परत पाठवते.”

सर गुजरातीत ओरडले, “आ शुं बोले छे तुं? साइट बंद होणार होती आपली!”

“सर, यांना वाटतंय ही गोळी घेतली की फुगडी घालता येते. असं समजून दिलेला होकार काय कामाचा? कमलबाई साध्या गोळीवर असतील तर?”

सरांनी व्हरांड्यातल्या बायकांकडे एकदा बघितलं. ते तापट आहेत, पण खोटे नाहीत. म्हणाले, “मग आपणच जाऊ त्यांच्याकडे. मी पण येतो.”

रविवारी आम्ही कमलबाईंच्या ओट्यावर बसलो. सरांचं मराठी गुजरातीच्या वळणाचं, पण बायकांना ते आवडलं. प्लासिबोचं सगळं पुन्हा सांगितलं. एक आजी मागून म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही तुमच्या आईला द्याल का ही गोळी?”

सर म्हणाले, “माझ्या आईचे दोन्ही गुडघे कधीच बदललेत, ती या ट्रायलमध्ये बसतच नाही. बसत असती तर मी तिला सांगितलं असतं. हो-नाही तिने ठरवलं असतं. आणि ती माझं ऐकत नाही, एवढं सांगतो.”

ओटा हसून हसून हलला. बऱ्याच जणी तरीही नको म्हणाल्या. काही तयार झाल्या, पण आता फुगडीच्या आशेने नाही, सगळं समजून. साइट वाचली.

ट्रायल संपली आणि काही महिन्यांनी कंपनीने कोणाला काय मिळालं होतं ते कळवलं. कमलबाईंचा नंबर मी दोनदा ताडून बघितला. प्लासिबो. पहिल्यापासून शेवटपर्यंत साधी गोळी.

फोनवर सांगायला मन होईना. संध्याकाळी घरी गेले. कमलबाई कैचीने धागे कापत होत्या, गोकुळ नुकताच सचिन या औद्योगिक वस्तीतल्या मिलमधून आला होता. मी एका दमात सांगून टाकलं.

गोकुळ ताडकन म्हणाला, “म्हणजे फसवलंच की आईला!”

“फसवलं कसं?” कमलबाई म्हणाल्या. “तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू ऐकत नव्हतास.” मग त्या थांबल्या. कैची खाली ठेवली. काहीतरी उमगल्यासारखं त्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्या हसायला लागल्या. “म्हंजे औसद नव्हतं, तरी मी नाचनू!”

मी म्हटलं, “व्यायाम केलात ना रोज. त्यानेही पाय मजबूत होतात.”

पण त्या ऐकायच्या पलीकडे गेल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसत दारात जाऊन त्यांनी शेजारणीला हाक मारली. “अवं सुमन, ऐक, मी नुसत्या पायवर नाचनू!” गोकुळही हसायला लागला. रात्रीपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. मला भीती होती, आता कोणी आमच्याकडे येणार नाही. झालं उलटंच. दुसऱ्या दिवसापासून बायका कमलबाईंकडे व्यायाम शिकायला जाऊ लागल्या.

नव्या गोळीने लोकांना फायदा झाला, पण कंपनीला हवा होता तितका नाही. तरी ती गोळी चाचणीच्या पुढच्या टप्प्यात गेली आहे. बघू.

लोक ट्रायलला घाबरतात, असं आमच्या मीटिंगमध्ये नेहमी म्हणतात. घाबरतात, खरं आहे. पण घाबरलेला माणूस निदान प्रश्न तरी विचारतो. डोळे मिटून विश्वास ठेवणारा काहीच विचारत नाही, त्याला समजावताना घसा जास्त सुकतो.