पेवा आणि आजोबांचे मासे

लांब राहणाऱ्या माझ्या नातवंडांनो,

सोसायटीचं रंगकाम निघालंय. बाल्कन्या रिकाम्या करा, अशी नोटीस लागली आहे आणि तुमच्या बाबांनी फोनवर फर्मावलंय, "आई, तो निळा टब आता फेकून दे." मी तो का फेकणार नाही, ते तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.

महापेला डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, दर पावसाळ्यात पेवा फुलायचा. पांढरीशुभ्र, कागद चुरगळावा तशी फुलं. तिथे काँक्रीटचं गटार होणार असं कळलं, तेव्हा मी मूठभर काळं बी आणलं, धुतलं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं. डब्यांवर ठळक अक्षरांत ‘पेवा’ लिहिलं होतं, तरी तुमच्या आजोबांनी दोनदा चमचा घेऊन झाकण उघडलं.

पेव्याला पायाशी कायम ओल लागते. म्हणून रोपं मोठी झाल्यावर त्यांची कुंडी पाण्याच्या टबात, विटेवर ठेवली. मग डेंग्यूच्या तपासणीला बाई आल्या. पाणी ओतून टाका, नाहीतर डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, असं त्यांनी बजावलं. आजोबांनी त्याच संध्याकाळी मासे आणले.

तेव्हापासून टब माझा राहिला नाही. आजोबा माशांना पोळीचा चुरा घालू लागले, पेपरातल्या बातम्या सांगू लागले. शेजारच्या आगरी वहिनी एकदा वाकून बघत म्हणाल्या, "आजोबा, याचा कालवन नाय व्हायचा." आजोबा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

हिवाळ्यात पेवा पार वाळला. तो झोपलाय, मातीखाली कंद आहेत, असं मी परोपरीनं सांगितलं.

"तुझं रान गेलं," आजोबा म्हणाले. "कुंडी काढ. माशांना तरी ऐसपैस होईल."

मी कुंडीला हात लावू दिला नाही. पावसाळ्यात कोंब आले, आणि पुढच्या पावसाळ्यात फूल. ते बघायला आजोबांनी वहिनींना स्वतः बोलावलं आणि खत आपल्या माशांचं असल्याचं सांगितलं.

सध्या टब बाथरूममध्ये आहे. साबणाचं पाणी उडू नये म्हणून आम्ही दोघं कोपऱ्यात अंग चोरून अंघोळ करतो. पेवा पुन्हा झोपलाय. महापेच्या ओढ्याकाठी आता एकही उरलेला नाही. आमच्या कुंडीत तीन कंद जिवंत आहेत.