बिनडागाचे लंगोट

"लंगोट स्वच्छ निघतात यात रडण्यासारखं काय आहे, ते एकदा सांग मला!" आईने दोरीवरचा लंगोट ओढून ताईच्या तोंडापुढे नाचवला. "तुम्हा दोघांचे घासता घासता माझे हात सोलून निघाले होते. माझा नातू गुणाचा. डाग म्हणून पडू देत नाही."

"तेच म्हणतेय मी, आई. शीचा पिवळा डाग पडायला हवा."

"ऐका! तीस वर्षं लोकांचे डाग काढून काढून हिचं डोकं फिरलं."

ताईचा धाकटा भाऊ आपल्या सात आठवड्यांच्या बाळाला खिडकीतल्या उन्हात धरून उभा होता. हसावं की नाही, ते त्याला कळेना.

चौकात ताईची लाँड्री होती. गल्लीत तिला सगळे डागवाली म्हणत. कपडा नुसता पाहून ती सांगायची, हा चहा, हा गंज, हा रडून पुसलेला काजळाचा. एखाद्या नवऱ्याला हळूच म्हणायची, "हा शर्ट वेगळ्या पिशवीत देते हो, घरी भांडण नको." तिला स्वतःचं मूल नव्हतं. भाच्याचे लंगोट मात्र ती मशीनमध्ये टाकायची नाही. कोमट पाण्यात, हाताने. "माझं सगळ्यात छोटं गिऱ्हाईक," म्हणायची, "आणि सगळ्यात उधळं."

खोटं कशाला बोला, लंगोटांना शीचे डाग पडत नाहीत याचं आधी तिलाही कौतुकच होतं. जन्मल्यावर डॉक्टर म्हणाले होते, थोडी कावीळ आहे, बहुतेक बाळांची जाते, नाही गेली तर दाखवायला आणा. ती गेली नाही, आणि दाखवायलाही कोणी नेलं नाही. मग परवा लंगोट भिजवताना तिचा हात थांबला. लघवी चहासारखी गडद, आणि शी खडूसारखी पांढुरकी. किती घरांची बाळोती तिच्या हाताखालून गेली होती. लघवी फिकी असते, शी पिवळी. हे सगळं उलटं होतं.

काल दवाखान्यातल्या सिस्टर युनिफॉर्म न्यायला आल्या, तेव्हा तिने विचारलं. सिस्टर पिशवी खाली ठेवून खुर्चीवर बसल्याच.

"पित्ताची वाट बंद असू शकते," ताई आता घरच्यांना सांगत होती. "पित्त उतरलं नाही की शीला रंग येत नाही, आणि आत लिव्हर खराब होत जातं. तसं असेल तर ऑपरेशन लागतं, आणि दोन महिन्यांच्या आत झालेलं बरं."

"वजन वाढतंय की त्याचं," भाऊ म्हणाला. "हसतोयसुद्धा. अजून आठवडाभर ऊन देऊ, मग बघू."

"आठवडाच तर नाहीये आपल्याकडे."

"हिनेच पोटुशी असताना काहीतरी खाल्लं असणार," आई पुटपुटली.

दारात उभ्या असलेल्या वहिनीने पदर तोंडाला लावला.

"आई!" ताईचा आवाज चढला. "सिस्टरने दोनदा बजावलंय, यात आईचा काही दोष नसतो. तिला बोलायचं नाही. बोलायचंच तर मला बोल. रोज धुवत होते, तरी परवापर्यंत मला दिसलं नाही."

ताईने भावाच्या हातातून बाळाला घेतलं. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. साबणाने खरखरीत झालेलं तिचं बोट त्याने मुठीत पकडलं आणि तोंडात घालायला ओढलं. आईच्या हातातला लंगोट आपोआप खाली आला.

"फार सुया टोचतील गं त्याला," ती म्हणाली.

"टोचतील. मी धरीन त्याला."

बादलीजवळ सकाळचे दोन लंगोट पडले होते, न धुतलेले. ताईने ते तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली,

"आज लाँड्री बंद. नऊच्या बसने मी, वहिनी आणि बाळ मोठ्या दवाखान्यात चाललोय. आणि हे लंगोट कोणी धुवायचे नाहीत, डॉक्टरांना दाखवायचेत."