शेकडेवारीच्या आधी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय—का, ते मलाही नीट कळत नाही.

तो भाग आंध्र प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. भीमपूरकडच्या एका खेड्यात मराठी शाळेत मी गणित शिकवायचो. सातवीची परीक्षा सरकारी. निकाल घसरला की हेडमास्तर मलाच धरणार. आणि माझ्या सातवीला अपूर्णांकच येत नव्हते. मागची दोन वर्षं त्या पोरांना गणिताला मास्तरच मिळाला नव्हता. हे मला आल्या आल्याच कळलं होतं. मग मागे जायला नको होतं? भाकरी मोडून अर्धी, पाव—तिथून धरायला नको होतं? मी थेट शेकडेवारी घेतली. फळ्यावर सूत्र लिहिलं, म्हटलं, पाठ करा.

पोरांनी केलं. वंदनानं नाही केलं.

"सर, शंभरानंच काऊन भागायचं? हे शंभर आलं कुठून?"

रोज विचारायची. आगाऊपणा नव्हता तो—खरंच अडली होती. मधली पायरीच नव्हती, आणि ते एवढ्या वर्गात तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं. मी तिला उभी करायचो. पोरं हसायची. मी... हसू द्यायचो.

एक दिवस तिचा बाप आला. आमच्याच समाजाचा, दुसऱ्याच्या वावरात राबणारा. माझा बापही तेच करायचा.

"जय भीम सर. तुमी आपले मानूस, खरं सांगा. पोरगी रडून राह्यली, म्हन्ते मले समजत नाही. शिकवू का बंद करू?"

खरं काय होतं? मी तिला नीट शिकवलं नव्हतं, एवढंच. पण ते सोडून म्हणालो, "तिचं डोकं नाही चालत हो. उगाच वर्ष वाया."

दुसऱ्या कोणाचं त्यानं ऐकलं नसतं. माझं ऐकलं. त्याच आठवड्यात वंदना कापूस वेचायला जायला लागली. सातवीचा निकाल उत्तम लागला; माझ्या गळ्यात हार पडला.

पुष्कळ वर्षांनी भैंसा गावच्या बाजारात ती भेटली. कडेवर मूल. नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "हे आमचे सर. लय जीव लावून शिकवलं यायनं. मीच ढ होती."

तू ढ नव्हतीस—एवढंच म्हणायचं होतं. ती समोर उभी होती, हसत.

मी विचारलं, "यंदा कापूस कसा काय?"