तव्याखालचा गोल

कुरुंद्यात नर्मदाबाईंच्या हातचं ब्लाऊज जिच्या अंगावर नाही, ती त्यांच्याशी भांडलेली असणार, एवढं आम्हाला पाठ आहे.

२००४चा मार्च. औरंगाबादेत माझ्या नणंदेनं, पुनमनं, कपड्यांचं छोटंसं दुकान काढलं होतं. तिला कारखान्याचा रासायनिक रंग नको होता. झाडापाल्याच्या रंगात रंगवलेले, गावात शिवलेले वीस सुती कुर्ते हवे होते. रंग टिकला तर दर महिन्याला काम, नाही तर रामराम. नर्मदाबाईंनी गल्लीतल्या पाच जणी हाताशी घेतल्या. हळदीचं काम सरलं की या बायका घरी बसून असत.

"हळदीच्या गावात रंगाला काय तोटा, वैनी?" त्या म्हणाल्या.

कुर्ते हळदीत बुडवून काढले. काय रंग आला होता! झेंडूच जणू. मग शिजवलेली हळद वाळत घालतात तसे तिच्याच शेजारी, खळ्यावर, कडक उन्हात पसरले. वाऱ्यानं एक उडायला लागला, म्हणून त्यावर जुना तवा ठेवला.

चौथ्या दिवशी बघतो तर सगळे ताकासारखे पांढुरके! तवा उचलला, त्याखाली मात्र पिवळाधम्मक गोल.

"हळद उन्हात पक्की होती, मग कापडाला काहून न्हाई?" त्या पाचांतली जिवनबाई रडकुंडीला आली.

नर्मदाबाई त्या गोलाकडे बघत राहिल्या. "रडून काय? उन्हानं खाल्लंय, उन्हालाच पुरून उरंल असं काई बघू. माझ्या पोरीच्या फ्रॉकवरचा डाळिंबाचा डाग सात वर्षं गेला न्हाई."

दुसऱ्याच दिवशी नर्मदाबाई आणि मी एसटीनं वारंगा फाट्याला. ज्यूसच्या गाडीमागं डाळिंबाच्या सालींचा ढीग पडलेला.

"ले जाव मावशी, कचरा है," गाडीवाला हसला.

"कचरा तुझ्यासाठी!" दोन पोती भरून आम्ही परत.

हळद शिजवायच्या कढईतच साली उकळल्या, तुरटी घातली. गोल उमटलेला बिघडका कुर्ता तसाच ठेवून बाकीचे बुडवले, त्याच्या बदली एक नवा शिवून तोही रंगवला. सगळे सावलीत वाळवले. मग एकच पुन्हा गच्चीवर, उन्हात, तोच तवा वर ठेवून. चार दिवस! माझंही स्वयंपाकात लक्ष नव्हतं.

"उचला की आता!" जिवनबाईला धीर धरवेना.

"थांब गं, उचलते," म्हणत नर्मदाबाईंनी पदर खोचला.

तवा उचलला. गोल कुठंय? कुर्ता सगळीकडं सारखाच रंगलेला. सहा जणींनी शोधला, सापडेना! जिवनबाईनं तर तवाच वाजवायला घेतला.

पुनम आली तेव्हा नर्मदाबाईंनी आधी बिघडलेला कुर्ताच तिच्यापुढं टाकला.

"मावशी, हा मला कशाला दाखवता?"

"गिऱ्हाईक इचारंल, उन्हात उडतो का म्हणून. हा अन् डाळिंबाचा, दोन्ही ठेव समोर. फसवून इकायचं न्हाई आपल्याला."

पुनमनं दोन्ही कुर्ते दारात नेऊन उजेडात धरले. वळून म्हणाली, "पुढच्या महिन्यात पन्नास जमतील?"

नर्मदाबाई उठल्याच. अंगणाच्या भिंतीवरून शेजारी ओरडल्या, "जिवने, पोती काढ! त्या गाडीवाल्यानं साली फेकायच्या आत फाटा गाठायचाय!"