पिराला बोललेला मुलगा

ताई माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगते. पण आमच्या कळसहून दहावीपुढं शिकायचं म्हणजे रोज एसटीनं इंदापूर गाठायचं, आणि पोरीला एकटीनं पाठवायची वडिलांची तयारी नव्हती. तिला बावड्याला दिली. मी बरीच धाकटी. माझ्या वेळी त्यांचं मन वळलं होतं, म्हणून मी बारामतीच्या कॉलेजात गेले. मला एकच मुलगी. ताईला तीन मुली झाल्या, तेव्हा तिच्या सासूनं पिराला नवस बोलला: नातू होऊ दे, त्याच्या वजनाएवढा गूळ वाटीन.

आमच्याकडे हिंदू बायका सर्रास पिराला नवस बोलतात. सासू दर गुरुवारी ताईला दर्ग्यात न्यायची. एका गुरुवारी मीही बरोबर होते. दर्ग्याची देखभाल करणाऱ्या घरातली काकी ताईचा पांढराफटक चेहरा बघून म्हणाली, "आत्या, पोरीच्या अंगात रगत न्हाय. आता थांबवा. पिराला पोरी बी चालत्यात की."

"तुमच्याच पिराला बोललोय, अन् तुमीच आडव्या येता व्हय?" सासू फणकारली. परतीच्या वाटेवर म्हणते कशी, "ह्यांच्यात पोरांची मोजदाद न्हाय, अन् आपल्याला शिकवत्यात!"

काकीची आई नऊ लेकरांची होती, हे खरं. पण काकी स्वतः सातवी शिकलेली, दोन मुलींवर ऑपरेशन करून मोकळी झालेली, आणि तिची थोरली बारामतीत नर्सिंगला होती. हे सगळं मी सासूला तिथंच ऐकवलं. असला संताप आला होता मला! ताईनं माझा हात दाबला. जरा मागं राहून हळूच म्हणाली, "मला बास झालंय गं. ह्यांना म्हणलं, तर म्हणत्यात आईला इचार."

चौथ्या बाळंतपणात रक्त थांबलं नाही. ताई गेली. मुलगा झाला होता.

वर्षाच्या आत त्याला दर्ग्यात आणून तागडीत बसवलं. सासू डोळे पुसत गूळ वाटत होती. काकीनं हातावर खडा घेतला आणि भिंतीकडं तोंड करून रडली. मी माझा खडा तसाच मुठीत ठेवला.

ताईची थोरली, नववीच्या वयाची, भावाला कडेवर घेऊन उभी होती. मी तिला म्हटलं, "चल माझ्याकडं बारामतीला. तिथल्या शाळेत घालते."

पदरानं पुसावं तसं तिनं ओढणीनं बाळाचं तोंड पुसलं. म्हणाली, "मावशी, शाळा कवाच सुटली माझी. ह्यो मलाच आई समजतोय."