पांढऱ्या कठड्याची बाल्कनी

आमची आत्या रफूवाली. आतोबांनी घराबाहेर काढलेल्या तिच्या लेकीने दोन वर्षांत एकच फोटो धाडला होता. पांढऱ्या कठड्याची बाल्कनी, मागे समुद्र, आणि फोटोच्या पाठीवर लिहिलेलं, "माझं घर."

शेवटी पाकिटावरचा शिक्का पाहून आत्या एकटीच त्या श्रीमंत किनाऱ्यावर गेली. दिवसभर हॉटेलं, बंगले, एकेक बाल्कनी डोळ्यांत तेल घालून पाहत चालली. दरवानांनी हाकललं, पायांचे तुकडे पडले. उन्हं कलताना ती बाल्कनी सापडली. फोटोवाल्याच्या टपरीत, रंगवलेल्या पडद्यावर.

"मावशी, काढू फोटो?"

आत्याने पडद्यावरच्या समुद्रावर बोट फिरवलं. तिथे रफू होतं. शेवटचा टाका उलटा घालायची खोड तिने एकाच पोरीला लावली होती.

"हे कोणी केलं?"

"होती एक पोरगी. फोटोला पैसे नव्हते, म्हणून फाटलेलं जोडून दिलं. पायात चप्पलसुद्धा नव्हती हो. पुन्हा काही दिसली नाही."

घरी आल्यावर आतोबांनी खवचटपणे विचारलं, "सापडलं का लाडकीचं घर?"

"सापडलं," आत्या म्हणाली. "तुमच्या या खुराड्यापेक्षा हवेशीर आहे."