विठ्ठलरावांच्या मागे चालणारा

वडवणीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. तिथले माजी सरपंच विठ्ठलराव पंधरा वर्षं कधी एकटे चालले नव्हते. शेतावर निघाले तरी मागं दहा-बारा जण. मागची निवडणूक हरले आणि दुसऱ्या दिवशी मागं पाहिलं, तर रस्ता मोकळा! गूळ संपला की मुंगळे थांबतात कशाला? पण विठ्ठलरावांच्या हे जिव्हारी लागलं. पुन्हा माणसं मागं हवीत, एवढाच ध्यास त्यांनी घेतला.

त्यात डॉक्टरांनी रोज डोंगर चढायला सांगितलं. दिवाळीनंतर थंडी कडाक्याची पडली. कानटोपी, त्यावर मफलर, हातात काठी अशा थाटात साहेब पहाटे निघाले, तर मागं पावलं वाजली. वळून बघतात तो उत्तरेश्वरचा कुत्रा, हौश्या.

उत्तरेश्वर आणि त्याची बायको वत्सलाबाई ऊसतोडीला गेले, तेव्हा हे महाराज कुठंतरी उंडारत होते. टोळीचा ट्रॅक्टर काही कुत्र्यासाठी थांबत नाही. तेव्हापासून हौश्या बंद दाराशी पडून असे.

डोंगराची वाट काळ्या खडकावरून जाते. वरच्या टाकीतून पाणी पाझरतं, शेवाळ धरतं, त्यावर दहिवर पडलं की पाय म्हणून ठरत नाही. टाकी विठ्ठलरावांच्याच कारकिर्दीतली. स्वतःच्या नावाच्या उद्घाटनाच्या फरशीसमोर ते सपशेल आडवे झाले. हौश्या जवळ येऊन बसला. ते उठेपर्यंत हलला नाही. मग पुढं होऊन कोरडी जागा हुंगत चालू लागला, आणि तो पाय ठेवील तिथं साहेब पाय ठेवू लागले. जन्मभर लोकांना मागं चालवणारा माणूस कुत्र्याच्या मागं चालला. खरं सांगायचं तर त्यात त्यांना फार सुख वाटलं.

पुढं रोजचाच नेम झाला. माथ्यावर बसून दोघं शिळी भाकरी खात. साहेब भाषणाची तालीम करत. हौश्या पूर्ण भाषण ऐकून घेई. इतर श्रोत्यांसारखा मधेच चहाचं विचारत नसे.

ऐन थंडीत निवडणूक लागली. आमच्याकडं निम्मं गाव उसाच्या फडात असतं, म्हणून उमेदवार गाड्या पाठवून मतदार आणतात. विठ्ठलरावांनीही जीप पाठवली. मतदानाच्या सकाळी तिच्यातून उत्तरेश्वर आणि वत्सलाबाई उतरले, आणि हौश्यानं रस्त्यात लोळण घेतली. वत्सलाबाईच्या पदराला तो असा झोंबला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. विठ्ठलराव हात जोडून मतदारांपुढं हसत होते. नजर मात्र हौश्यावरून हलत नव्हती.

संध्याकाळी जीप परत फडाकडं निघाली. सगळे बसल्यावर उत्तरेश्वरनं हौश्याला बोलावलं, तर तो चाकाजवळ येऊन थांबला आणि विठ्ठलरावांकडं बघत राहिला.

उत्तरेश्वर म्हणाला, "मालक, ह्याला तुमचा लई लळा लागलाय. ठिवून जाऊ का तुमच्यापाशी?"

हो म्हणायचं होतं. ओठावर आलंही होतं. पण भोवती तीसेक माणसं उभी होती, निकाल उद्याचा होता. मतासाठी दारोदार हात जोडताना या माणसाला कधी लाज वाटली नव्हती. एक कुत्रा मागायला मात्र जीभ रेटेना.

"मला कावून लागतंय कुत्रं?" ते मोठ्यानं हसले. "माझ्यामागं मानसं काय कमी हायत का?"

तीसही जण हसले. त्यातले निम्मे दुपारीच दुसऱ्या पॅनेलच्या मांडवात जेवून आले होते.

हौश्या तरी हलेना. वत्सलाबाईनं चुचकारून पाहिलं, ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"जा बे," विठ्ठलराव म्हणाले. "बस गाडीत."

हौश्यानं कान पाडले आणि उडी मारली. साऱ्या गावात त्यांचा शब्द पाळणारा तेवढा एकच होता.